कडूबाईंचा पिवळा गहू

वैजापूरजवळच्या त्या उकिरड्यात मी हात घातला, तो मनगटापर्यंतच. शर्ट नवा होता. "थंड लागतंय, कुजलंय," असं जाहीर केलं आणि हात झटकला. शेणखत कुजलं की थंड पडतं, कच्चं असलं की गरम असतं. पण गरम असतं ते आत. त्यासाठी कोपरापर्यंत हात घालावा लागतो. हे शिबिरांतून मीच शिकवतो.

मी एका संस्थेत शेतीसल्लागार आहे. शेणखत आणि रासायनिक खत जोडीनं वापरा, म्हणजे युरिया थोडा कमी लागतो, हे सांगत फिरणं माझं काम. तिथल्या कडूबाईंनी ते मनावर घेतलं. घरच्या वर्षभराच्या पोळ्यांचा गहू त्यांनी त्याच उकिरड्यातलं खत टाकून माझ्या भरवशावर पेरला. शेजारचा तुकडा त्यांच्या दिराचा. त्यात नुसता युरिया.

पहिलं पाणी झालं आणि फोन आला.

"साहेब, गहू पिवळा पडला. भावजी बांधावरून इचारतेत, वहिनी, हळद लावली का?"

गेलो. माती उकरली. शेणाचे गोळे जसेच्या तसे. कच्चं खत जमिनीत कुजताना त्यातले जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. नत्रावर पीक हिरवं राहतं. त्यात नत्र देणारा युरिया मीच कमी करायला लावलेला. गहू उपाशी होता.

लगेच युरिया आणि हलकं पाणी द्यायला सांगितलं. मग आमच्या साहेबांना फोन केला.

"अरे, शेतकऱ्यांना पीक दाखवायला तिथं आपली शिवारफेरी आहे! बाईंनी पाणी कमी दिलं म्हणून सांग."

"पाणी बरोबर दिलंय, सर. खत मी नीट बघितलं नाही."

"हे लोकांसमोर सांगणार?"

"विचारतील तर काय करू?"

शिवारफेरीत पहिला प्रश्न दिरानंच विचारला. मी सांगून टाकलं.

"म्हंजे खतासंगं साहेब बी कच्चेच निघाले व्हय!" तो म्हणाला. सगळे हसले.

"खत तुमच्याच उकिरड्यातलं व्हतं, भावजी," कडूबाई म्हणाल्या. मग जास्तच हसले.

गहू हळूहळू हिरवा झाला. दिराच्या गव्हापेक्षा किंचित कमी उतरला, पण कडूबाईंचं वर्ष निघेल एवढा झाला. शेणखतावर युरिया वाचतो हे खरंच. फक्त त्या शेणाचं खत झालेलं असावं लागतं.

गारखेड्यात घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. चारचौघांत चूक कबूल केली, बाईंवर ढकलली नाही, यावर जरा जोर दिला. कौतुकाची अपेक्षा होती.

ती भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "गच्चीतला मोगरा पिवळा पडला, तेव्हा तर म्हणालात, मी पाणी कमी घालते."