पाहुण्याची बाडस

मासा लागलेली काठी कोणाच्या हातातून काढून घेऊ नये. एवढा एक नियम पाळला गेला असता तर चोरल नदीवरचा तो डोह आजही माशांनी भरलेला दिसला असता. हे सगळं शांतपणे लिहायचं असं ठरवून बसलो होतो. जमेल असं दिसत नाही.

आधी डोहाविषयी. महू सोडल्यावर गाडी घाट उतरते आणि झाडीतून चोरल दिसू लागते. पुढे ती नर्मदेला मिळते. तिच्या काठी माझ्या मित्राचं गाव. त्याच्या पूर्वजांना इंदूर संस्थानच्या फौजेतल्या चाकरीबद्दल मिळालेलं. गावाखाली काळ्या खडकांच्या कुशीत खोल डोह होता. पावसाळ्यात नर्मदेतले बाडस मासे पाण्याविरुद्ध चढून वर येत, त्यातले काही पाणी ओसरल्यावर तिथेच राहत. बाडस म्हणजे साहेब लोक ज्याला महसीर म्हणत तो. तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखे खवले, आणि अंगात बैलाची ताकद. मित्राच्या घराण्याचा दंडक होता की त्या डोहात जाळं पडणार नाही. मासा धरायचा तर काठीनं, आणि तोही घरच्यापुरता. खालच्या पात्रात गावच्या भोयांनी हवं ते करावं. भोईसुद्धा हा दंडक पाळत, कारण डोहात मासा राहिला तरच खाली मासा मिळतो हे त्यांना ठाऊक होतं.

आमची काठी म्हणजे गळाला गांडूळ लावून झाडाखाली पेंगायची काठी नव्हे. मित्राच्या वडिलांना महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या अंमलदारानं ही विद्या शिकवली आणि विलायतेला परतताना चिरलेल्या बांबूच्या दोन लवचीक काठ्या देऊन गेला. गळावर कोंबड्याचं किंवा मोराचं पीस रेशमी दोऱ्यानं बांधून माशी तयार करायची, आणि लांब दोरी हवेत खेळवून ती माशी पाण्यावर अशी टेकवायची की खरीच येऊन बसली असं वाटावं. कॉलेजच्या सुट्ट्यांत आम्ही दोघे ते शिकलो. माशा बांधण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मित्राला चिकाटी नाही आणि माझ्याकडे डब्या आहेत. तंबाखूच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: मान, पाठ, शेपूट, मोर. घरात लोक हसत. हसोत. मला हवं ते पीस अंधारातही सापडत असे.

मग स्वातंत्र्यानंतर संस्थान नव्या मध्यभारत राज्यात गेलं. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि मी सचिवालयात. दर फेऱ्याला फायलींच्या पेट्या, टंकयंत्रं आणि साहेब लोकांच्या खुर्च्या आगगाडीत चढवणं न् उतरवणं माझ्याकडे. जहागिऱ्या गेल्या, तेव्हा मित्राची जमीनही गेली आणि नदी सरकारची झाली. जमीन गेली त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. पण सरकारचं मासळी खातं नद्यांवर मासेमारीचे ठेके देणार असं कळलं, तेव्हा मात्र इंदूरच्या राजवाड्यामागच्या माझ्या घरी येऊन बसला.

"डोह राहिला पाहिजे रे," तो म्हणाला. "बाकी सगळं गेलं तरी चालेल. खात्याचे मोठे साहेब ग्वाल्हेरहून आलेत. शिकारीचा शौक आहे म्हणे. एकदा बोलावू, डोह दाखवू, मग शब्द टाकू."

"बोलाव," मी म्हटलं. "पण दिवसभर उन्हात बसव आणि काही लागू देऊ नकोस. रिकाम्या हातानं परत गेले म्हणजे कळेल, इथला मासा किती हुशार आणि किती थोडा आहे."

"अरे भिया! पाहुणा रिकाम्या हातानं? आमच्या घरून?"

पाहुण्याला शिळं वाढ म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता.

हे समजायला त्याचं घर माहीत हवं. दरबाराच्या शिकारीत वाघ सरकारांच्याच, म्हणजे महाराजांच्याच गोळीनं पडायचा, मग ती गोळी कुठे का लागेना. सरकारांच्या मागे झुडपात दुसरा बंदूकवाला बसलेला असे. माझ्या मित्राचे आजोबा असे आयुष्यभर झुडपात बसले. त्यांनी कितीतरी वाघ मारले आणि एकही त्यांच्या नावावर नाही. घरात ही गोष्ट अभिमानानं सांगत. मलाही ती पूर्वी आवडायची. आता आठवली तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मेजवानीची यादी मी केली, कारण दुसऱ्या कोणी केली असती तर बर्फ विसरला असता. बर्फ, खुर्च्या, मोठी छत्री, बाफल्यांचं, म्हणजे उकडून भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचं पीठ, तूप, पाणी गाळायचं फडकं, साहेबांच्या ड्रायव्हरचं जेवण. सगळं वेळेवर पोचलं. माझ्या यादीत नव्हतं तेही पोचलं होतं. पहाटे डोहावर गेलो तर काठावर भाजलेल्या चण्यांची टरफलं.

"हे काय?"

"काही नाही रे. आठवडाभर थोडे थोडे टाकायला सांगितले होते. मासे जरा जमा केले."

"वाघासाठी बोकड बांधतात तसे?"

"तसंच," तो खुशीत म्हणाला. मी टोमणा मारलाय हे त्याच्या गावीही नव्हतं.

साहेब जीपनं आले. मोकळा, हसरा माणूस. सगळ्यांशी 'जी' लावून बोलणारा. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. काठी हातात घेऊन त्यांनी दोरी फेकली ती धोब्यानं धोतर आपटावं तशी. चण्यांना सोकावलेले मासेसुद्धा तळाला गेले. ऊन चढलं. साहेब तीनदा दोरीत गुंतले, एकदा स्वतःच्या टोपीत. मी मनात म्हटलं, छान. असंच चालू दे.

मित्र घामाघूम. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू जरा वरच्या अंगाला जाऊन बघ ना."

"मी माझ्यासाठी टाकणार असेन तर जातो."

"हो हो, तुझ्यासाठीच. जा."

मी गेलो. डोहाच्या तोंडाशी, जिथे पाणी दोन खडकांमधून आत घुसतं, तिथे सावली पडू नये म्हणून कोपरांवर रांगत गेलो. माझीच बांधलेली माशी होती, कोंबड्याच्या मानेच्या तपकिरी पिसाची. ती धारेवर टेकली, फेसाबरोबर वळली आणि पाण्याखालून एक पिवळसर पाठ सावकाश वर आली. घाई नाही, झडप नाही. तोंड उघडलं आणि मिटलं. या क्षणाबद्दल मी रागाशिवाय लिहू शकतो. फक्त या एका क्षणाबद्दल. काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळलं, आणि ती बाडस सबंध डोह ओलांडून पलीकडच्या खडकाखाली गेली. एवढा मोठा मासा माझ्या दोरीला कधी लागला नव्हता. मी तिला खडकाखालून काढली. थोडी दोरी दिली, थोडी घेतली. ती दमू लागली होती आणि मीही.

तेवढ्यात माझ्या हातावर हात आला.

"बस, बस. दे इकडे."

"सोड!"

"अरे ओरडू नकोस, ऐकतील ते. दे."

ओढाताण केली असती तर दोरी तुटली असती आणि गळ तोंडात घेऊन बाडस मेली असती. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी बोटं सैल केली. लागलेला मासा सांभाळत तो काठाकाठानं चालत गेला. छान चालत गेला, शिकवण पिढ्यांची होती. छत्रीखाली पोचून त्यानं काठी पुढे केली. "लीजिए हुज़ूर, लग गयी!"

हुजुरांनी रीळ गुंडाळलं. दोघातिघांनी पाण्यात उतरून दांड्याच्या झोळीत मासा घेतला. टाळ्या झाल्या.

"भई, हमने तो सुना था बड़ी मुश्किल से आती है," साहेब म्हणाले.

"आपके लिए काहे की मुश्किल, हुज़ूर!"

जेवताना मित्रानं शब्द टाकला. चांगला टाकला. डोहाचा दंडक सांगितला, मासे वर कसे येतात ते सांगितलं, ठेक्यातून एवढा तुकडा वगळावा म्हणून हात जोडले. साहेबांनी बाफला तुपात बुडवला आणि हसले.

"देखिए, जिस पानी में मछली यूँ चलकर हाथ में आ जाती है, वहाँ तो ढेरों होंगी। उसको बंद रखना तो जनता का नुक़सान हुआ ना?"

मी ताट बाजूला केलं. "साहेब, वो मछली मैंने लगायी थी. बरसों में एक ऐसी लगती है. और आठ दिन से यहाँ चने डाले जा रहे थे, इसलिए मछली ऊपर थी."

साहेबांनी मित्राकडे पाहिलं. एक मान हलवली असती तर पुरे होतं. फक्त 'हाँ' म्हणायचं होतं. त्याचा डोह, त्याचा शब्द, आणि मी त्याच्यासाठी दार उघडून उभा होतो.

तो हसला. "हमारे दोस्त हैं, मज़ाक की आदत है इनको. लीजिए हुज़ूर, थोड़ी दाल और."

मग सगळेच हसले.

डोहासकट नदीचा ठेका दिला गेला. पुढच्या पावसाळ्यात, मासे अंडी घालायला वर चढत होते तेव्हाच, डोहाच्या तोंडाशी आडवं जाळं लागलं. पाणी उतरल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी सुरुंगाची दारू टाकली. मी त्यानंतर गेलो होतो. बोटाएवढी पिल्लं खडकांच्या फटींत पांढरी होऊन पडली होती. गावचा एक म्हातारा भोई ती टोपलीत भरून नेत होता, खतासाठी. वर बघून म्हणाला, "अब नीचे भी कुछ नी है, भिया." मित्रानं त्याच दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाला ओटीवर बसवून चहा पाजला. का, म्हणून विचारलं, तर म्हणे दारात आलेला माणूस.

तिथेच मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग काय करायला हवं होतं? उपाशी पाठवायचं होतं?"

"हो. उपाशीच."

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा माझ्या घरी आला. साहेबांनी निरोप पाठवला होता, परत एकदा यायची इच्छा आहे. "यादी कर ना," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी ये. तुझ्या हाताला लागेल एखादी." मी कागद घेतला, एकच ओळ लिहिली आणि त्याच्या हातात दिली: साहेबांना सांगणे, मासे संपले. त्यानं वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "पाहुण्याला असं कसं सांगायचं?" मी गेलो नाही. बर्फही पाठवला नाही.

नंतर तो मला राजवाड्यासमोर भर बाजारात भेटला. दिवसभर काही लागलं नाही म्हणाला. छत्री होती, बाफले झाले, साहेब बिचारे संध्याकाळपर्यंत बसले. मग त्याचा चेहरा खुलला.

"पण तुला सांगू? जाताना साहेबांनी तुझी आठवण काढली. मला म्हणाले, आपके वो दोस्त नहीं आये इस बार, जो मछली लगाते हैं?"

म्हणजे साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दाल वाढून घेताना माहीत होतं, ठेक्यावर सही करताना माहीत होतं. ज्या लबाडीसाठी डोह गेला, तिला एकही माणूस फसला नव्हता. मित्र मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, माझा मोठा मान झाला म्हणून खूश होऊन, मी काहीतरी चांगलं बोलेन याची वाट बघत.

मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि घरी गेलो. आता राजधानी भोपाळला गेली, ते साहेबही गेले. डब्या माझ्या फळीवर आहेत: मान, पाठ, शेपूट, मोर. मित्र दर दिवाळीनंतर निरोप पाठवतो, ये, डोहावर बसू. मी उलट निरोप पाठवतो: त्या दिवशी मासा कोणी लावला होता ते आधी लिहून पाठव. अजून त्यानं लिहिलेलं नाही.