रॅमच्या कपाळावर कुंकू

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअरनं उडते. किस्से मात्र वाढतच जातात, आणि वडसाच्या आमच्या दुकानात रजनीबाई यायला लागल्यापासून तर विचारूच नका!

रजनीबाई म्हणजे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत वीस वर्षं खाष्ट सासू करणाऱ्या नटी. हंगाम संपल्यावर एका दुपारी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "गेमिंगचा कॉम्प्युटर बनवून पायजे."

"कोणासाठी?" माझा भागीदार विलासनं विचारलं.

"मायासाठी. मीच खेळनार."

विलासच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग बाईंनी कारण सांगितलं. त्यांचा मुलगा सुमित पुण्यात नोकरीला आहे. दर रविवारी चार वाजता तो मित्रांबरोबर बंदुकीचा ऑनलाइन गेम खेळतो.

"फोनवर मले दोन मिनिटं देते. गेममधी कोनालेबी तीन घंटे देते. मले त्या तीन घंट्यात घुसाचं आहे. पन त्याले माईत नाई झालं पायजे. माय आली म्हणून समजलं, तं खेळनंच बंद करन तो."

आमच्याकडे लोक प्रिंट काढायला आणि फॉर्म भरायला येतात. गेमिंग मशीन आम्ही पहिल्यांदाच बांधणार होतो. त्यातून विलास हा सुमितचा शाळेतला दोस्त आणि त्याच टीममधला खेळाडू. बाईंना 'गावातला एक नवीन पोरगा' म्हणून टीममध्ये घ्यायचं त्यानं तिथल्या तिथं कबूल केलं.

---

विलासला प्रोसेसर सगळ्यात मोठा पाहिजे होता. तो घेतला तर ग्राफिक्स कार्डासाठी जवळजवळ काहीच उरत नव्हतं. दोन्ही भागांचा मेळ कसा बसायला हवा, हे मी बाईंना समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी मलाच थांबवलं.

"एका साली आमच्या कंपनीनं मुंबईचा हिरो आनला. सारा पैसा त्याच्यावरच घातला. पेटीवाला भेटला तो शिकाऊ. हिरो गान्याले उभा, आन पेटीवाला सूर शोधून राह्यला. हिरो मधला घे बाबा, पन पेटीवाला चांगला पाय."

प्रोसेसर मधला आला, ग्राफिक्स कार्ड दमदार. मी ही गोष्ट शिकायला रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले होते.

---

मग रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांची पाळी आली. बाईंनी भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधली एक पट्टी पिशवीतून काढली. "एक हे लाव, एक नवीन घे." पट्टी बसत होती, त्यामुळे विलास लगेच तयार झाला.

बाकावर मेश्रामभाऊ पेपर वाचत होते. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या पंख्याखाली असतात.

"दोन्हीची चाल एकच आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. जुनी हळू आहे."

"मंग नवीनबी तिच्याच चालीनं चालन?"

"हो."

"शेताच्या एका बांधीत हलका धान आन भारी धान लावत असते का कोनी? हलका आधी पिकते, आन भारीची वाट पायत उभा राह्यते. जोडी एकाच जातीची घे."

एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले. तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला असंच समजावतो, आणि सगळ्यांना एका झटक्यात समजतं.

---

महिनाभर बाईंनी दुकानातल्या मशीनवर सराव केला. मग एका रविवारी दुपारी विलास, मी आणि मेश्रामभाऊ सगळे सुटे भाग आणि गेम आधीच टाकलेली डिस्क घेऊन त्यांच्या घरी गेलो. नाटकाचा पडदा उघडण्याआधी पेटी, तबला, रंगाचा डबा, सगळ्यांची पूजा होते. बाईंनी इथेही तेच केलं. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात त्यांनी सगळे भाग ताटात मांडून प्रत्येकाला कुंकू लावून टाकलं.

जोडणी झाली. बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळी ती काळीच. तीन वाजून गेले होते आणि विलासचा चेहरा उतरला होता. चारला खेळाडू हजर नसला की सुमित दुसऱ्याला घेणार, आणि मग टीममध्ये जागा नाही. मी रॅम उपसून पाहिली, तर खालच्या सोनेरी दातांवर कुंकवाचा ठसठशीत टिळा!

"बाई, इथं काऊन लावलं?"

"तेच तं चमकून राह्यलं होतं. मले वाटलं, तेच त्याचं कपाळ."

खोडरबरनं घासून घासून पट्टी बसवली. स्क्रीन उजळली आणि मेश्रामभाऊंनी चक्क टाळ्या वाजवल्या. चारला पाच मिनिटं कमी होती.

---

आता खेळ. माइकमध्ये एक शब्दही बोलायचा नाही, अशी विलासनं बाईंना ताकीद दिली होती. सुमितचा आवाज स्पीकरवर आला तसे बाईंचे डोळे भरले, पण तोंड त्यांनी घट्ट मिटलं. विलास बाजूलाच लॅपटॉपवर खेळत होता, मी आणि मेश्रामभाऊ मागे उभे.

बाई झकास खेळल्या. फक्त एकच गोष्ट. औषधाची पेटी सापडली, की स्वतः अर्धमेल्या असल्या तरी ती उचलून सुमितच्या पायाशी नेऊन टाकायच्या. तीनदा टाकली. चौथ्यांदा टाकली, तेव्हा सुमितनं गोळीबार थांबवला.

मग हळूच म्हणाला, "आई, मागं पाय, मानूस आहे."

रजनीबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन वळून मागे पाहिलं. मागे मेश्रामभाऊ उभे होते.