पाकिटावरचा चेहरा

आमच्या काजूच्या पाकिटावर माझा फोटो छापायचं ठरलं तेव्हा मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू. लग्न होऊन कसालजवळच्या या गावात आले, तेव्हापासून दर हंगामात काजू फोडतेय आणि सोलतेय ती मीच. मग फोटो आणखी कोणाचा छापणार?

पण पुण्याहून येणाऱ्या फोटोग्राफरने माझ्या धाकट्या दिराला फोनवर फर्मान सोडलं. आठवडाभर उन्हात जायचं नाही, रोज तोंडाला मुलतानी माती लावायची आणि अंगाला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही, फोटोत चकाकतं म्हणे. ऐन हंगामात उन्हात जायचं नाही! मग बागेत काय चांदणं पडल्यावर जायचं?

"वयनी, गिऱ्हाईक आधी चेहरो बघता," दीर म्हणाला आणि खोबरेल तेलाची बाटली उचलून त्याने माळ्यावर ठेवली. मी चडफडत माती थापून बसायचे. तोंड असं ताणायचं की धड चिडताही येत नसे.

आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. साहेबांना जेवायला ओल्या काजूची उसळ हवी होती. हाताला तेल चोपडल्याशिवाय आमच्याकडे कोणी ओले काजू चिरायला बसत नाही, कारण सालीच्या चिकाने कातडी जळते.

"गो, हातांक त्याल लाव आधी!" सासूबाई ओरडल्या.

"अजिबात नाय! उद्या फोटोत तिका हातात सूप धरूचा आसा," दीर म्हणाला.

मीही वेडी, ऐकलं त्याचं. सकाळपर्यंत बोटं काळी पडून सोलवटली होती.

फोटोग्राफर दोनदा उसळ मागून घेऊन जेवला. बोटं चाटली मेल्याने. मग अंगणात मला उभं करून म्हणाला, "वा, स्किन छान तयार केलीत." तेवढ्यात त्याची नजर खाली गेली आणि तोंड वाकडं झालं.

"ताई, हात जरा पदराखाली घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता जेवलात ती उसळ ह्याच हातांची. हात झाकणार नाही," मी ठणकावलं आणि काजूंनी भरलेलं सूप पुढे धरूनच उभी राहिले. त्याने तसाच फोटो काढला. मला वाटलं, जिंकले.

पाकिटं छापून आली. त्यावर माझा उजळलेला चेहरा आहे, गळ्यापर्यंतच. त्याखालचं सगळं कापून टाकलंय. आणि तिथे ठळक अक्षरांत छापलंय, 'हातांनी सोललेले काजू'.