दोन कोराचा गोकुळ

उस्मानपुऱ्यात एका जिन्याखाली गोकुळचं दुकान व्हतं. दुकान म्हंजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं बाहेरच उभं राहायचं. बिघडलेले कॉम्प्युटर नीट करायचा. पाटीवर नाव नव्हतं, पण कुणालाबी विचारलं की, "तो झाकणावाला का?" म्हणायचे. त्याचा बारा वर्षांचा जुना लॅपटॉप कायम बाटलीच्या चार झाकणांवर ठेवलेला असायचा. खालून वारं लागलं पाहिजे, म्हणायचा.

द्वारकाबाई त्याची मोठी बहीण. आई गेली तवा गोकुळ पाच वर्षांचा. सोयगावात तिनंच त्याला भरवून वाढवला, आन् त्याच्यापायी तिची शाळा तिसरीतच सुटली. पुढं नवरा वारला तवा ती लेकीला, श्रेयाला घेऊन शहरात भावाकडं राहायला आली. गोकुळनं लग्न केलं नाय. कुणी इचारलं की म्हणायचा, "घरात दोन बाया हायेत की. तिसरीचं ऐकायला कान कुठून आणू?"

मागच्या उन्हाळ्यात तात्यासाहेबांचं काम आलं. शेजारच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची अभ्यासिका. पोरंपोरी तिथं भरतीच्या परीक्षेचा सराव कॉम्प्युटरवर करतात. सगळ्यांचे पेपर गोकुळच्या त्याच लॅपटॉपवरून सुटायचे, आन् चाळीस जणं बसली की ते घायकुतीला यायचं. म्हणून शेंद्र्याच्या एका कारखान्यानं काढून टाकलेला सर्व्हर गोकुळनं आणला. लोखंडी पेटीच ती, गव्हाच्या अर्ध्या कट्ट्याएवढी जड.

घरातच दोन्ही यंत्रं शेजारी मांडली त्यानं.

"बघ आक्का. लॅपटॉपच्या प्रोसेसरला दोन कोर. सर्व्हरला चोवीस."

द्वारकाबाई भाकरी थापत व्हती. "दोन कोरीवर कुणाचं पोट भरतंय? तरीच ते मरतुकडं झालंय. त्याला आणखी चतकोर वाढ की."

गोकुळ हसता हसता खोकायला लागला. "भाकरीची कोर नाय गं! कोर म्हंजे प्रोसेसरचा काम करणारा हात समज. लॅपटॉपला दोन हात, पण चपळ. सर्व्हरचा एकेक हात सावकाश, पण चोवीस हायेत."

मग एकाच पोराचा पेपर त्यानं दोन्हीवर लावला. लॅपटॉपनं आधी उरकला. द्वारकाबाईला लई बरं वाटलं, घरचं पोरगं जिंकल्यावाणी. मग चाळीस पेपर एकदम सोडले. सर्व्हरला कळलंबी नाय. लॅपटॉपचा पंखा भिरभिरला, अन् ते रांगायला लागलं.

"आता का गं बाई हे मागं पडलं?"

"पंगतीला चाळीस पानं आन् वाढपी दोनच. तापलं ते. तापलं की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, नायतर जळून जाईल. आळस नाय तो, आक्का. जीव वाचवतंय."

"आन् ह्यो सर्व्हर दिवसरात्र चालतो तो कसा?"

"त्याची बडदास्त बघ की. कारखान्यात थंड खोली, पोटात सहा पंखे. तेवढं केल्यावर कुणीबी चालंल."

हे सगळं द्वारकाबाईनं ऐकलं, आन् हाताचं पीठ झटकावं तसं झटकून टाकलं.

सर्व्हर तयार होईस्तोवर लॅपटॉप परत अभ्यासिकेत गेला, झाकणं दुकानातच राहिली. तो महिनाभर गोकुळ मंद झाला व्हता. चार पायऱ्या चढला की बसायचा. "थांब आक्का, तापलोय," म्हणायचा. तिला चेष्टाच वाटायची.

एका शनिवारी तात्यासाहेबांचा फोन आला, "सर्व्हर न्यायला सोमवारी दोन माणसं पाठवतो. तुम्ही उचलू नका." सोमवारी तर श्रेयाला बघायला पाहुणे येणार व्हते. पुढच्या खोलीत मधोमध ती लोखंडी पेटी. द्वारकाबाई आतूनच वरडली, "सोमवार कशाला? आजच नेतो म्हण!"

गोकुळनं फोन ठेवला. "आक्का, आज छाती भरल्यावाणी वाटतंय गं."

"तुझं रोजचंच हाय. दोन कोराचा लॅपटॉप झालाय नुसता! त्या सर्व्हरकडं बघ, हूं का चूं करत नाय. खपायला शिक जरा त्याच्यासारखं."

गोकुळ हसला. पेटी उचलून निघाला. अभ्यासिकेच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्यानं सर्व्हर अलगद खाली ठेवला अन् शेजारी टेकला. तो उठलाच नाय. सर्व्हरला ओरखडासुद्धा नव्हता.

तेराव्याला सगळी भावकी तात्यासाहेबांच्या नावानं बोटं मोडत व्हती. श्रेया तर, "माझ्या मामाला हमाल केलं त्या माणसानं!" म्हणून रडायची. तात्यासाहेब दारात आले, तर तिनं पाणीसुद्धा इचारलं नाय. तात्यासाहेब मान खाली घालून उभे राहिले अन् गेले. सोमवारचं एका शब्दानं बोलले नाय. द्वारकाबाईबी बोलली नाय. पण तवापासून ती जेवायला बसली की ताट तसंच सारायची. भाकरी मोडली की हातात कोर यायची.

दीड महिन्यानं श्रेया म्हणली, "आई, मामाचा लॅपटॉप अजून त्यांच्याकडंच हाय. चल, घेऊन येऊ."

मायलेकी जिना चढल्या. वर पोरंपोरी पेपर सोडवत व्हती. सर्व्हर कोपऱ्यात, कापड झाकून, गोकुळ गेल्यापासून बंदच. लॅपटॉप टेबलावर सपाट टेकलेला, खाली झाकणं नव्हती.

"सर, अडकलं!" एक पोरगी वरडली.

तात्यासाहेबांनी लॅपटॉपवर थाप मारली. "म्हातारं आळस करतंय." तेवढ्यात ह्या दोघी दिसल्या अन् ते उभे राहिले. "या ताई."

"आमचं यंत्र द्या," श्रेया तडकली. "माणूस खाल्ला, आता एवढं तरी परत द्या."

"श्रेया, गप!" द्वारकाबाईनं टेबलाची कड धरली. "ह्यांनी सोमवार सांगितला व्हता. मी म्हणले आजच ने. छाती भरली म्हणला, तर म्हणले सर्व्हरसारखं खपायला शिक. आळस नसतो तो, असं त्यानं मला आधीच सांगितलं व्हतं गं. तरी म्हणले."

पोरांनी पडद्यावरून माना वर काढल्या. लॅपटॉपचा पंखा भिरभिरत व्हता.

तात्यासाहेब हळूच बोलले, "मला ठाऊक व्हतं, ताई. फोनमधे तुमचा आवाज आला व्हता."

"मग बोलला का नाय? एवढ्या शिव्या खाल्ल्या!"

"तुम्हाला एकच भाऊ व्हता, ताई."

द्वारकाबाईनं पदराची गाठ सोडली. दुकानातून आणलेली चार झाकणं तिनं तिथं बांधून ठेवली व्हती. लॅपटॉप उचलून तिनं ती खाली सरकवली. "ह्यो इथंच राहू द्या. पण थाप मारू नका. तापलं की थांबवा. अन् त्या सर्व्हरवरचं कापड काढा, गोकुळनं पोरांसाठी आणलाय तो."

श्रेया तवर निघून गेली व्हती. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज पुढं पुढं जात व्हता. द्वारकाबाई एकेक पायरी उतरत राहिली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर श्रेया थांबलेली दिसली, भिंतीकडं तोंड करून. तिनं मागं वळून पाहिलं नाय. आईला हातबी दिला नाय.

"हळू ये," एवढंच म्हणली.