शून्यावर आणलेले नॉब

माझा सिंथेसायझर बिघडलेला नाही, हे वाक्य मी पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत इतक्या वेळा बोललोय, की आता दारावरच्या पाटीखाली लिहून टाकावं असं वाटतं. इथे मजल्यागणिक कुणीतरी प्रेसवर नाहीतर असेंब्ली लाइनवर आयुष्य काढलेलं आहे. वेगळा आवाज कानावर आला की या मंडळींना तो ऐकायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो. मागे माझ्या सिंथचा आवाज डक्टमधून खाली गेला, तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं म्हणून सगळे रविवारी सकाळी पंप उघडून बसले. तो आवाज माझा आहे, असं खाली जाऊन सांगितलं. तुमचं गाणं नंतर, आधी पाण्याचं बघू द्या, असं उत्तर मिळालं.

पंप उघडण्यात आमचे अण्णा सर्वांत पुढे होते, हे वेगळं सांगायला नको. अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर उभे राहिले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं ओळखायची त्यांना सवय. ती त्यांनी घरात मिक्सरवर चालवली, फ्रिजवर चालवली आणि एकदा माझ्या सिंथवरही. ऐकून झाल्यावर मान हलवली आणि आत काहीतरी घासतंय, असा निकाल दिला.

घासतंयच. तेच तर हवंय! यात सूर काढणारे दोन ऑसिलेटर असतात. सिंक लावला की दुसऱ्याला पहिल्याच्या मर्जीने चालावं लागतं. पहिल्याचा फेरा संपला की दुसऱ्याने असेल तिथे काम टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मग दुसऱ्याचा नॉब कितीही वर न्या, सूर चढत नाही, नुसता पिळवटतो आणि किंचाळतो. त्यावर क्रॉस मॉड्युलेशन दिलं, म्हणजे एकाने दुसऱ्याचा सूर सतत हलवत ठेवला, की पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा नाद येतो. प्रमाण केसभर चुकलं तरी सगळा नुसता कालवा होतो. हे मी अण्णांना किती वेळा समजावलं असेल! शेवटी त्यांचा एकच प्रश्न, मग ते नीट कामून करत नाहीस?

मी महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटीत आहे. मला आजवर कुणी काही वाजवायला बोलावलं नव्हतं, अगदी सोसायटीच्या गणपतीतसुद्धा. आणि चिंचवडला नाच बसवणाऱ्या एका बाईंनी मी नेटवर टाकलेला तो आवाज ऐकला आणि त्यांना तो आवडला. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमधल्या कामगार बाईवर त्यांचा नाच होता. शेवटच्या प्रसंगात हाच आवाज हवा, पण रेकॉर्ड केलेला नको, असं त्यांनी सांगितलं. मी नॉब फिरवेन तशा त्या वळणार होत्या. मला फार आनंद झाला, उगाच कशाला लपवू? महिनाभर शिफ्टवरून आल्यावर थोडं थोडं करत आवाज बसवला. माझ्या सिंथला मेमरी नाही. नॉब जिथे असतील तो आवाज, हलवले की गेला. म्हणून घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, याला हात लावायचा नाही.

प्रयोग नेमका खंडेनवमीच्या संध्याकाळी. सकाळी मी केबल आणायला बाहेर पडलो. परत येऊन बघतो तर हॉलमध्ये पूजा मांडलेली. पाने-पक्कड, कात्री, मिक्सर, अण्णांचा जुना मायक्रोमीटर, आणि मधोमध माझा सिंथ. फडक्याने लख्ख पुसलेला, हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला. सगळे नॉब डावीकडे, ओळीने शून्यावर.

"पूजेआधी मशीन शून्यावर आणावं लागतं," अण्णा म्हणाले. चेहऱ्यावर समाधान.

आता काय बोलणार? ज्या यंत्राला हा माणूस वर्षभर खटारा म्हणत आला, त्याला आज पहिल्यांदा हार घातला होता. ओरडायचीही सोय नव्हती. तरी मी ओरडलोच.

"अण्णा, महिन्याचं काम फडक्यानं पुसलंत तुम्ही."

मोबाइलमध्ये नॉबचा फोटो होता, पण फोटोवरून नॉब साधारण कुठे होता एवढंच कळतं, आणि इथे साधारण चालत नाही. फोटोप्रमाणे लावलं तर कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज आला. पुन्हा लावलं, त्याहून वाईट. त्यात मागून अण्णांनी आठवण करून दिली की पूजा झाल्यावर आज मशीन चालवायचं नसतं. बायकोने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते उठून गॅलरीत गेले. दुपार टळून गेली तरी आवाज सापडेना. मला रडू येईल असं वाटायला लागलं. त्या बाईंना नकार कळवायला मी फोन हातात घेतला.

तेवढ्यात अण्णा आत आले. सिंथला नमस्कार केला, हार काढून बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"फिरव. म्हैनाभर त्या आवाजानं डोकं उठलंय माझं. इसरंन कसा?"

मी फिरवायला लागलो. ते शांत बसून ऐकत होते. मधूनच, हा बराय, म्हणायचे, की मी समजायचो, हा नाही. जो आवाज त्यांना बरा वाटत होता तो माझ्या काहीच कामाचा नव्हता. मी दुसरा ऑसिलेटर किंचित वर घेतला आणि क्रॉस मॉड्युलेशन जरासं कमी केलं. अण्णांनी भाकरीत खडा लागल्यासारखं तोंड वाकडं केलं आणि दोन्ही कान झाकले.

"ह्योच. बंद कर आधी."

चिंचवडला जाताना त्यांनी सिंथ स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नॉबना कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही. हॉलवर पहिल्या रांगेत बसले. शेवटचा प्रसंग आला, बाई मंचाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि मी नॉब वर नेला. आवाज बरोबर आहे की नाही, माझ्या कानांना काही कळेना. म्हणून मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. अण्णांनी कान झाकले होते.