रुकय्या आपा आणि जिनोव्याचा नाताळ

रुकय्या आपा कधी कुणाला रस्ता विचारत नसत. नव्या गावात पाय ठेवला की पदर खोचायचा आणि समोर दिसेल त्या गल्लीत शिरायचं, ही त्यांची रीत. मी सांगलीहून दुबईच्या इस्पितळात लॅब टेक्निशियन म्हणून आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बर दुबईच्या गल्ल्यांमधून असं काही फिरवलं, की देवळापासून निघालेल्या आम्ही कापडाची दुकानं, खाडीचा धक्का करत पुन्हा पुन्हा त्याच देवळापाशी उगवत राहिलो. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आपा, आपण चुकलो."

"चुकलो कशाला? फिरलो," त्या म्हणाल्या. "चुकायला आधी कुठं जायचं ते ठरवायला लागतं, पोरी."

आपा मूळच्या हर्णैकडच्या. मुंबईत सुईणीचं शिक्षण घेऊन दुबईला आलेल्या. तेव्हा अमिरातींचा एक देश झालेला नव्हता. खाडी, होड्या, वाळू आणि त्या वाळूत आमचं इस्पितळ. त्यात जन्माला येणाऱ्या निम्म्या पोरांनी जगात पहिला आवाज ऐकला असेल तो आपांचा. त्यांचं अरबी सगळं बाळंतिणींच्या तोंडून शिकलेलं, त्यामुळे त्यात हुकूमच जास्त. जोर लाव, श्वास घे, यल्ला, आता थांब, झालं, खलास. हीच भाषा त्या बाजारातही वापरत. मासेवाल्यानं भाव कमी करायला नकार दिला की आपा त्याला शांतपणे "श्वास घे" म्हणत, आणि तो बिचारा हसून खरोखरच उतरून द्यायचा.

नाताळ आला की इस्पितळातले गोरे डॉक्टर सुटीवर जायचे आणि आपा त्यांच्या वाटणीचीही ड्युटी करायच्या. अडुसष्ट साली मात्र वेगळंच घडलं. ईद नाताळाच्या तोंडावर येणार होती. आपांनी ती येण्याआधीच मेट्रनसमोर उभं राहून रजा मागितली. वर्षानुवर्षं ज्यांनी रजेचं नाव काढलं नाही त्या आपा युरोपात जायचं म्हणतात, हे ऐकून मेट्रन इतकी गांगरली की तिनं रजा दिली आणि स्वतःचा लोकरी कोटही दिला.

"पण जिनोवाच का?" मी विचारलं. "लोक रोमला जातात, पॅरिसला जातात."

"बंदर हाय. बंदराचं गाव मला समजतं. तू पण चल."

माझ्या वडिलांची पत्रं येत होती. सुटीत घरी यावं, एक स्थळ बघून ठेवलंय म्हणून. मी तसं सांगितल्यावर आपा म्हणाल्या, "पोरगा काय पळून जात नाय. नि पळणाराच असेल तर लग्नाआधी पळालेला बरा." त्या वाक्यामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी हसले आणि तयार झाले.

ईदचा शिरखुर्मा पोटात घेऊनच आम्ही विमानात बसलो. बैरूतमार्गे रोम आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं आगगाडीनं जिनोवा. स्टेशनातून बाहेर पडताच आपांनी पदर खोचला. डोंगराच्या अंगावर एकावर एक चढवलेली घरं, मधून दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा गल्ल्या, गल्लीच्या तोंडाशी एकदम संगमरवरी महाल, आणि कुठंही उभं राहिलं तरी कानावर येणारा जहाजांचा भोंगा. नऊवारी मावेल एवढा तो मेट्रनचा कोट, खाली हिरवी साडी, पायात बाजारातून आणलेले पुरुषी बूट, अशा थाटात आपा ते सगळं गाव जणू माहेरचं असल्यासारख्या हिंडत होत्या. मासळीबाजारात एका कोळिणीशी त्यांनी कोकणी बोलीतून हुज्जत घातली, तिनं तिच्या भाषेतून घातली. निघताना दोघी एकमेकींच्या दंडावर थापटी मारून खळखळून हसल्या. कशाबद्दल, ते दोघींनाच ठाऊक.

तिथल्या प्रत्येक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नाताळचे देखावे मांडले होते. लाकडी बाहुल्यांचं आख्खं गाव, त्यात मेंढपाळ, पाववाले, कोळी, आणि मधोमध गोठ्यात मेरी. आपांनी डोक्यावर पदर घेतला, "बीबी मरियम" म्हणून सलाम केला आणि मग नजर बारीक करून गोठा न्याहाळला. गव्हाणीत बाळ नव्हतं. शेजारी उभ्या म्हाताऱ्यानं खुणांनी सांगितलं, बाळ नाताळालाच ठेवतात.

"तरीच," आपा मला म्हणाल्या. "पण इतकं जवळ आलंय आणि बाईला गुडघ्यांवर बसवून ठेवलंय बघ. एक जाणती बाई नाय ह्या सगळ्या पुरुषांत."

असे दोन-तीन दिवस मजेत गेले. नाताळच्या आदल्या दुपारी आपांनी ठेवणीतली साडी काढली, डोळ्यांत सुरमा घातला आणि पलंगावर बसून म्हणाल्या, "शैला, आज मला एका ठिकाणी जायचंय. माझा नवरा हाय इथं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आपा विधवा आहेत असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं होतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. नवरा इस्माईल जहाजावर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. लग्नानंतर दुसऱ्या खेपेला गेला तो आलाच नाही. जहाज आलं, माणूस नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे उतरला. वीस वर्षं झाली. आणि त्या वर्षीच गावाकडचा एक खलाशी हात मोडून आमच्या इस्पितळात आला, त्यानं सांगितलं, की इस्माईल जिनोव्याच्या जुन्या बंदराजवळ खानावळ चालवतो.

"मग तुम्ही इतके दिवस का थांबलात? पहिल्याच दिवशी जायचं."

"गाव बघायचं राहिलं असतं," आपा म्हणाल्या. "त्याच्यापायी माझी अर्धी जवानी गेली. सुटी पण घालवू?"

खानावळ सापडायला वेळ लागला नाही. सणामुळे गिऱ्हाईक बंद होतं. आत घरचीच माणसं लांब टेबल मांडत होती. एक भरल्या अंगाची हसरी बाई, बारा-तेरा वर्षांची मुलगी, लहान मुलगा, आणि हातात ताटल्यांची चवड घेतलेला टक्कल पडलेला माणूस. त्यानं आपांकडे पाहिलं. ताटल्या पडल्या नाहीत, पण सगळ्या किणकिणू लागल्या.

बाईनं त्याला काहीतरी विचारलं. कोण आहेत ह्या, असंच असणार. तो एकदा तिच्याकडे, एकदा आपांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "सोरेल्ला."

मुलीला शाळेतलं मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. ती टाळ्या पिटत माझ्याकडे धावली. "सिस्टर! पापाज सिस्टर!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आपांचा हात धरून मागे वळणार, तोच ती बाई, तेरेसा तिचं नाव, हातातलं फडकं टाकून आली आणि आपांच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. मुलगी भाषांतर करत होती. पापाचं कुणीच नाही असं आईला वाटायचं. सणाला तिच्या माहेरची माणसं येतात, पापाकडचं कधीच कुणी येत नाही. आज आलं. देवानंच पाठवलं.

आपा त्या मिठीत ताठ उभ्या होत्या. मग त्यांचा हात हळूहळू वर आला आणि तेरेसाच्या पाठीवरून फिरला, कळा सोसणाऱ्या बाईच्या पाठीवरून फिरतो तसा. "रडू नको गो," त्या म्हणाल्या. "आले ना मी."

आम्ही जेवायला बसलो. त्या रात्री त्यांच्याकडे मांस करत नाहीत, सगळं मासळीचंच, त्यामुळे आपांची काही अडचण नव्हती. मी ब्राह्मणाची पोर पाव आणि तेलातली भाजी चिवडत इस्माईलकडे रागानं बघत होते. तो खाली मान घालून वाढत होता. मुलं आपांच्या पदराशी खेळत "त्सिया, त्सिया" म्हणजे आत्या, आत्या करत होती. जेवण झाल्यावर तेरेसा मुलांना घेऊन केक आणायला वर गेली, आणि आपा उठल्या. "इस्माईल, तुझं स्वयंपाकघर दाखव. शैला, तू पण चल."

स्वयंपाकघरात चुलीवर कसलंसं मोठं पातेलं रटरटत होतं. इस्माईल भिंतीला टेकला. वीस वर्षं न वापरलेली भाषा त्याच्या तोंडातून तुकड्यातुकड्यानं येत होती. "रुकय्या... मी आजारी पडलो होतो... जहाज गेलं... तेरेसानं..."

"ते तुझं तुझ्यापाशी ठेव," आपा म्हणाल्या. "मासा चांगला झाला होता. मीठ जरा कमी."

तो रडू लागला.

"बाहेर तू मला बहीण म्हणालास."

"घाबरलो गो. तोंडातून गेलं."

"गेलं ते बरं झालं. तिनं माझं काय वाईट केलंय? तिला आपली एक नणंद मिळाली. मी बहीण व्हायला तयार हाय. पण एकाच माणसाची दोन नाती मला झेपायची नायत. मी बायको हाय, तिला सोड. आत्ता. ही पोर साक्षीला हाय."

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "तलाक तीनदा म्हणू?" त्यानं चाचरत विचारलं.

"एकदाच म्हण. मला ऐकू येतं."

तो म्हणाला. अगदी हलक्या आवाजात. पातेलं उतू जायला आलं होतं. आपांनी हात पुढे करून आच कमी केली. वरून मुलांचे पाय जिन्यावर धडधडत येत होते. आपांनी पदरानं डोळे टिपले, सुरमा जरा पसरला, आणि त्या म्हणाल्या, "झालं. आता तोंड धू. पोरं बघतील."

त्यांच्या नाताळच्या केकमध्ये एक हिरवी डहाळी खोचलेली असते. घरातल्या सगळ्यांत लहानानं ती काढायची आणि मोठ्या माणसानं केक कापायचा. धाकट्या मुलानं डहाळी ओढून काढली. तेरेसानं सुरी आपांच्या हातात दिली. घरातलं मोठं माणूस आता त्याच होत्या. आपांनी केक कापला, आणि पहिला तुकडा इस्माईलच्या ताटलीत ठेवला. मला ते अजिबात आवडलं नाही.

परतताना उतरत्या दगडी पायऱ्यांवर आपा मधेच बसल्या. थंडी मी म्हणत होती. मी म्हटलं, "तुम्ही त्याला एक थोबाडीत तरी द्यायची होती."

त्या हसू लागल्या. हसता हसता रडू लागल्या. नाक पुसून म्हणाल्या, "तुला नाय कळायचं. वीस वर्षं कासारीण आली की माझ्यासमोर थांबायची. इतर बायकांना बांगड्या भरायची आणि मला विचारायची, तुला भरू की नको गो? काय सांगायचं तिला? मी कोण ते मलाच ठाऊक नाय. आज ठाऊक झालं." मग कोट झटकत उठल्या. "आणि तो जिवंत हाय. मेला असता तर मला वाईट वाटलं असतं. खरंच."

दुसऱ्या दिवशी नाताळ. सकाळीच तेरेसा मुलांना घेऊन आमच्या दारात हजर. नणंदेला गाव दाखवायचं तिनं मनावर घेतलं होतं. दीपस्तंभ दाखवला, डोंगरावर चढणारी डब्याची गाडी दाखवली, माहेरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना दाखवलं. इस्माईल सगळ्यांचे कोट आणि पिशव्या सांभाळत मागून येत होता. चर्चमधल्या गव्हाणीत आता बाळ होतं. आपांनी मेरीकडे बोट दाखवून तेरेसाला खुणेनं बजावलं, हिला आधी आडवी करा. तेरेसा दोन बाळंतपणं झालेली बाई. तिला ते लगेच पटलं. दोघी गळ्यात गळा घालून इतक्या हसल्या की पाद्री बघायला आला.

दुबईला परतल्यावर आपांनी ह्यातलं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. मात्र वर्षभरानं एक दिवस त्या लॅबमध्ये आल्या, माझ्या टेबलावर बर्फी ठेवली आणि म्हणाल्या, "शुक्रवारी माझा निकाह हाय. ये."

नवरदेव म्हणजे आमच्याच इस्पितळातले कंपाउंडर हनीफभाई. श्रीवर्धनचे, विधुर, लांब चेहऱ्याचे, अतिशय सभ्य गृहस्थ. आपांच्या वॉर्डची औषधं ते नेहमी स्वतः आणून द्यायचे, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

दुबईच्या देरा भागातल्या एका घरात निकाह होता. एका खोलीत पुरुष, एका खोलीत आम्ही बायका, मधे पडदा. आपांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. काझीसाहेबांनी पडद्याआडून विचारलं, कबूल आहे का? नवरीनं लाजून थोडं थांबायचं असतं, म्हणून बायका कौतुकानं बघत होत्या. आपा थांबल्या, आणि मग बाळंतिणींच्या वॉर्डात लावायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "आधी त्यांना विचारा, जहाजावर नोकरी धरणार नायत ना?"

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी खोकलं. मग हनीफभाईंचा बारीक, गंभीर आवाज आला.

"मला बोट लागते. अब्राच्या होडीतून खाडी ओलांडायची म्हटली तरी मळमळतं."

आधी पुरुषांची खोली हसली, मग आमची. काझीसाहेबांना पुन्हा विचारायची संधीच मिळाली नाही. त्या हशातून आपांचा आवाज खणखणीत आला.

"कबूल."