शुक्रवारचं जेवण आणि बाळासाहेबांची पॉलिसी

"डायबेटिस?"

"न्हाई."

"ब्लड प्रेशर?"

"न्हाई."

"तंबाखू, गुटखा, सिगारेट?"

"न्हाई वो मॅडम. समद्याला न्हाईच टाका. उगं टाइम नका घालवू."

शुक्रवार होता, दुपारचा एक वाजून गेला होता. टेबलापलीकडे बाळासाहेब आणि त्यांची बायको सुमनताई बसले होते. बाळासाहेबांचा टेम्पो आहे. पहाटे देवळालीकडची फुलं भरायची आणि उजाडायच्या आत शिर्डीच्या हार-प्रसादवाल्यांना पोचवायची, हा त्यांचा रोजचा धंदा. दोन पोरं शाळेत. घरात कमावणारा हा एकच माणूस, म्हणून मीच मागे लागून त्यांना टर्म पॉलिसीला तयार केलं होतं.

टर्म पॉलिसी म्हणजे साधी गोष्ट. दरवर्षी हप्ता भरायचा. मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना मोठी रक्कम मिळते. जगला तर काही परत मिळत नाही. पहिल्या भेटीत हे सांगितलं तेव्हा बाळासाहेब म्हणाले होते, "म्हंजी म्या जगलो तर तुमचा फायदा." मी म्हटलं, "तुम्ही जगलात तर तुमचाच फायदा, बाळासाहेब." हे त्यांना पटलं होतं.

आता यातली खरी मेख म्हणजे प्रपोजल फॉर्म. लहान रकमेच्या पॉलिसीला पुष्कळदा मेडिकल टेस्ट लागत नाही. फॉर्मवर तुम्ही जे सांगता त्यावर कंपनी विश्वास ठेवते. पण पुढे काही बरंवाईट झालं, तर हीच कंपनी डॉक्टरच्या चिठ्ठ्यांपासून मेडिकलच्या बिलांपर्यंत सगळं उकरून काढते. आजार लपवला होता असं दिसलं की क्लेम नाकारू शकते. मी हे प्रत्येक क्लायंटला सांगते. बाळासाहेबांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत एक कळलंय, मान डोलावली म्हणजे ऐकलं असं काही नसतं.

आमचं ऑफिस राहुरीत, एका किराणा दुकानाच्या माळ्यावर. माणसं चार. कुलथे सर मालक. मी प्लॅनर, म्हणजे लोकांना विमा-बचतीचा सल्ला देणारी. अस्लम कागदपत्रं आणि कॉम्प्युटर बघतो. शकुंतला मावशी चहापाणी आणि फायली बघतात, आणि वेळ पडली तर आम्हा तिघांनाही. दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे आणि त्या वेळी जो क्लायंट समोर असेल त्यालाही पंगतीला बसवायचं, ही आमची पद्धत. शुक्रवारी अस्लम नमाजला जातो, म्हणून त्या दिवशी तो येईपर्यंत कुणी डबा उघडत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पहिल्यापासून असंच चालत आलंय.

मावशी आत डोकावून म्हणाल्या, "दोघांनी जेवूनच जायचं बरं का. ताटं घेतेच आता."

बाळासाहेब लगेच उठले. "हात धुवून येतो," म्हणाले आणि बाहेर नळावर गेले. दोन मिनिटांत परत आले. तेवढ्यात कुलथे सर केबिनमधून म्हणाले, "मावशी, अस्लमला येऊ द्या. आज शुक्रवार आहे."

म्हणून मी फॉर्म पुढे ओढला. म्हटलं, तोपर्यंत सह्या उरकून घेऊ. एक पान झालं, दोन झाली. दीड वाजला, पावणेदोन वाजले, अस्लमचा पत्ता नाही. बाजारात कुणीतरी अडवलं असणार. त्याला रस्त्यात चार माणसं भेटल्याशिवाय चैनच पडत नाही.

शेवटच्या पानावर बाळासाहेबांच्या हातातलं पेन थरथरायला लागलं. मला वाटलं, सहीला घाबरले असतील. काही लोक घाबरतात. मग बघते तर पंखा फुल असताना कपाळावरून घामाच्या धारा. तोंड पांढरं पडलेलं. काहीतरी बोलायला गेले ते जिभेवरच अडखळलं.

हार्ट अटॅकच, असं मनात आलं. सरांना हाक मारायचंही सुचेना.

मावशी मात्र ताटं टाकून पुढे आल्या. त्यांना स्वतःला जुनी शुगर आहे. बाळासाहेबांचा गार पडलेला हात हातात घेऊन त्यांनी सरळ विचारलं, "जेवनाआधीची गोळी घेतली व्हय?"

बाळासाहेबांनी कशीबशी मान हलवली.

"अन् सकाळी खाल्लं काय हुतं?"

"चहा..."

मावशींनी पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. "गपगुमान प्या समदं."

"कसली गोळी?" सुमनताईंनी विचारलं.

बाळासाहेबांनी ग्लास रिकामा केला.

दहा-पंधरा मिनिटांत बाळासाहेबांच्या तोंडावर रंग आला. मावशींनी मला बाजूला घेऊन समजावलं. शुगरच्या काही गोळ्या घेतल्या की वेळेत पोटात अन्न जावं लागतं. नाही गेलं तर शुगर एकदम उतरते. ताटं घेते म्हटल्यावर या माणसानं नळावर जाऊन गुपचूप गोळी घेतली आणि आमचं जेवण अस्लमसाठी थांबलं. तेवढ्यात अस्लम जिना चढून आला आणि सगळे असे का बसलेत म्हणून बघतच राहिला. सर म्हणाले, "काही नाही. आधी ताटं घ्या."

सगळे जेवायला बसले. सुमनताईंनी नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, भाजी वाढली, तो खातोय का बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, ह्यो फारम असाच गेला असता तर?"

इथे मला गोड बोलता आलं असतं. नाही बोलले. "उद्या काही झालं असतं तर कंपनीनं पैसे नाकारले असते, ताई."

"म्हंजी पोरं उघड्यावर."

"हो."

त्यांनी घास खाली ठेवला. "किती दिस झालं?"

"आठ म्हैनं," बाळासाहेब ताटाकडे बघत म्हणाले.

"अन् मला सांगितलं न्हाई."

"तू रडली असतीस."

"रडले असते. मंग येळेवर जेवू घातलं असतं."

कुलथे सर एकदम भाजीत मीठ आहे का ते तपासायला लागले. मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि तिखट लागलं म्हणाल्या.

हात धुतल्यावर मी जुना फॉर्म फाडला आणि नवा घेतला. या वेळी सुमनताईंनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

"डायबेटिस?"

"व्हय," बाळासाहेब म्हणाले.

"ब्लड प्रेशर?"

"न्हाई. ते आईशप्पथ न्हाई."

"तंबाखू?"

"न्हाई."

"टेम्पोच्या शिटाखाली पुडी आस्ती," सुमनताई म्हणाल्या. "व्हय लिवा, मॅडम."

अस्लम हसू आवरायला खिडकीकडे वळला. बाळासाहेबांनी डोक्याला हात लावला.

पुढचं सगळं रीतसर झालं. कंपनीनं रक्ततपासणी मागितली. रिपोर्ट बघून शुगर आटोक्यात येईपर्यंत अर्ज थांबवून ठेवला. सुमनताई रोज पहाटे टेम्पो निघायच्या आधी भाकरी बांधून देऊ लागल्या. पुन्हा टेस्ट झाली आणि पॉलिसी आली, वाढीव हप्त्याची. बाळासाहेब कागद घेऊन आले तेव्हा कुरकुरले, "खरं बोललो त्याचा दंडच म्हनायचा ह्यो."

"दंड भरा," सुमनताई म्हणाल्या. "पर पैका पोरांच्या हातात पडंल तरी."

आता अस्लम दर शुक्रवारी सांगतो की माझ्यासाठी थांबू नका. कुणी ऐकत नाही. फक्त मावशी एक वाजता सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात, कुणाची गोळी आहे का, आणि असेल त्याला आधी वाढतात.

मी माझ्यापुरती एक पद्धत बदलली. फॉर्मवरचं तब्येतीचं पान मी आता नवऱ्याला विचारून भरत नाही. पान सरळ बायकोपुढे सरकवते. वेळ निम्मा लागतो आणि 'होय' दुप्पट येतात.